बिनपथ्याची गोळी

आमच्या घरात औषधावर कुणाचा फारसा विश्वास नव्हता. विश्वास होता तो पथ्यावर. औषध काय, कुणीही देतो. पण वांगं सोडलं, आंबट सोडलं, तिखट कमी केलं की माणूस उठून बसतो, हे आमच्याकडचं शास्त्र. ज्याला पथ्य नाही ते औषधच नव्हे. या शास्त्रापायी एका वर्षी माझी आई आमच्या हातून जायची वेळ आली होती, म्हणून हे लिहिते आहे. माझा हात चळवळीची पत्रकं लिहून तयार झालेला आहे. गोल गोल लिहिणं मला जमत नाही, आणि या विषयावर गोल गोल लिहिणाऱ्यांचा तर मला रागच येतो.

आम्ही मूळ धायरीचे. धायरी शहरात आली, आम्ही कुठे गेलो नाही. जिथे आईची मेथी-कोथिंबीर व्हायची तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन गेल्याचं दुःख वगैरे पेपरवाल्यांना सुचतं. आईला इमारत आवडली होती. लिफ्ट तर फारच आवडली होती. पण सोसायटीच्या आवारात म्हशी चालत नाहीत, तेव्हा म्हशी विकल्या, आणि त्यानंतर काही महिन्यांत आई बिघडली. म्हशींमुळेच बिघडली असं मी म्हणत नाही. पुढे डॉक्टरही तसं म्हणाल्या नाहीत. साखर वाढते, थायरॉइड बिघडतं, तसं हेही होतं. पण आमच्याकडे प्रत्येक दुखण्याला एक गुन्हेगार लागतो, म्हणून म्हशींचं नाव पुढे आलं.

आधी ती उठून स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून राहायची. लसणाची पाकळी हातात, सोललेली नाही, टाकलेली नाही. चहावर साय धरायची. मग वेणी घालणं सुटलं. मग फोन उचलणं. "काय होतंय गं?" विचारलं की म्हणायची, "काय बी व्हत न्हाई." आणि ते खरं होतं. तिला काहीच होत नव्हतं. राग नाही, भूक नाही, रडू नाही. माझी आई ही धायरीतली सर्वांत भांडकुदळ बाई. भाजीची जुडी बारकी बांधली म्हणून बाजारात दोन माणसांना तिने पळवून लावलेलं मी पाहिलंय. तिचं काहीही न होणं आम्हाला कळायला हवं होतं. वडील म्हणाले, वय झालं. आत्या म्हणाली, कुणाची तरी नजर. एका सकाळी आई अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मी उद्या उठले न्हाई तर तुमचं काय अडणार हाय?"

त्या वाक्यावर मी तिला उचललं आणि स्वारगेटच्या बाजूला असलेल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. वडील दारात आडवे आले. "येडी हाय का ती?"

"नाही. आजारी आहे."

"गल्लीत बोलू नका म्हंजी झालं."

गल्लीत बोलू नका! मधुमेह झाला तर माणूस लग्नाच्या पंगतीत उभा राहून सांगतो, "मला शुगर हाय, जिलेबी नको." मनाचा आजार झाला की गल्लीत बोलायचं नाही. असो. तेव्हा भांडायला वेळ नव्हता.

डॉक्टरबाई साठीच्या, पांढऱ्या केसांच्या, पक्क्या पेठेतल्या. जास्त शब्द खर्च करायचे नाहीत अशी शिस्त. त्यांनी आईला प्रश्न विचारले, बीपी पाहिलं, रक्त तपासायला सांगितलं, आणि एक गोळी लिहून दिली. रोज सकाळी नाश्त्यानंतर एक. आई तिथे पहिल्यांदाच आपणहून काही बोलली.

"पथ्य काय?"

"काही नाही. सगळं खायचं."

"वांगं?"

"खा."

"आंबट?"

"खा."

"मटण?"

"मला विचारताय का जेवायला बोलावताय?"

त्यानंतर बाई माझ्याकडे वळल्या आणि बाकीचं भराभर मला सांगितलं, निम्मं इंग्रजीत. गुण यायला काही आठवडे लागतील. सुरुवातीला मळमळेल, झोप इकडे-तिकडे होईल, थोडं अस्वस्थ वाटेल, ते बहुतेक आपोआप जातं. बेचैनी वाढली किंवा त्या जिवाचं, म्हणजे मरायचं काही बोलल्या तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, ताबडतोब फोन करा. आणि मनाने बंद करायची नाही. हे सगळं होत असताना आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. आजार तिचा, गोळी तिची, आणि सूचना माझ्याजवळ. आपल्याकडचे बरेच डॉक्टर असंच करतात. शिकलेलं दिसेल त्याच्याशी बोलतात, नऊवारीतल्याशी बोलत नाहीत.

जिन्यात आई म्हणाली, "हिला काय कळत न्हाई. पथ्य नसलेलं औषध आसतं व्हय कुठं? खडू दिला आसंल."

तरी घेतली तिने. मी समोर उभी राहायचे म्हणून घेतली. पहिले काही दिवस वाईट गेले. मळमळ, हात थरथरणं, घरभर येरझाऱ्या. वारज्याहून आत्या आली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वारज्याला दिलेली, पण धायरीतलं कुठलंही दुखणं तिच्या मंजुरीशिवाय बरं होत नाही. ती म्हणाली, "गोळी मानवत न्हाई. थांबवा." मी तिच्यासमोरच क्लिनिकला फोन लावला. "मळमळ ना?" बाई म्हणाल्या. "पोटभर खाऊन मग द्या. जाईल. जिवाचं काही बोलतात का?" नाही म्हटलं. "झोप अगदीच उडाली तर परत फोन करा. रोज बघत राहा." आणि फोन ठेवला. मळमळ गेली.

मग काही आठवडे काहीच नाही. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायचे आणि चिडायचे, कुणावर ते ठाऊक नाही. आणि एका सकाळी मी दात घासत होते, तर दारात आरडाओरडा.

"ह्याला दूध म्हंतोस? धुन्याचं पानी हाय हे! मी म्हशी पाळल्यात रे, मला शिकवतोस?"

दूधवाला पिशव्या टाकणारा, त्याचा दुधाशी काय संबंध? तो बिचारा "काकू, पिशवीवर लिहिलंय ते वाचा" म्हणत होता. आई म्हणाली, "पिशवी काय वाचायची, जीभ हाय मला." मी तोंडात फेस घेऊन बाथरूममध्ये हसत राहिले. जीभ परत आली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बऱ्या झालेल्या माणसाला घरच्यांनी सुखाने गोळी घेऊ द्यावी, एवढंच तर करायचं होतं. पण आत्या आली, आईला हसताना पाहिलं, आणि तिने विचारलं, "पथ्य काय दिलंय?"

"काय बी न्हाई वन्सं."

आत्याने कपाळाला हात लावला. "आगं बया. एवढी डोक्याची गोळी आन् मोकाट खाती तू? उलटंल ना!" आत्याला लहानपणी कावीळ झाली होती. गावातल्या एका म्हाताऱ्याने झाडपाला दिला आणि कडक पथ्य सांगितलं. आत्या बरी झाली. तेव्हापासून ती सांगते, औषध निम्मं, पथ्य निम्मं. खरं तर कावीळ पुष्कळदा आपोआप उतरते, पण हे आत्याला सांगायला जिगर लागते. तिने तिथेच बसून आईच्या गोळीचं पथ्य ठरवलं: वांगं नाही, ताक नाही, हरभऱ्याची डाळ नाही, लोणचं नाही, अंडी-मटण तर मुळीच नाही.

मी भांडले. डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, या गोळीचा वांग्याशी काही संबंध नाही, ही अंधश्रद्धा आहे, सगळं बोलले.

आई म्हणाली, "तुजं पत्रक स्वारगेटला वाट जा."

आणि खरं सांगायचं तर ती खूश होती. पथ्य मिळाल्यावर तिला पहिल्यांदा आपण औषध घेतोय असं वाटायला लागलं. ताकाशिवाय जेवली की गोळीवरचा तिचा विश्वास वाढायचा. मला वाटलं, वांगं नाही खाल्लं तर काय बिघडतं?

काय बिघडतं ते जत्रेत कळलं.

आमच्याकडे होळी झाली की गावोगावच्या जत्रा सुरू होतात. एक संपली की दुसरी. आज आमची, पुढच्या आठवड्यात मामांच्या गावची, मग वारज्याकडच्या पाहुण्यांची. शहरात गेली तरी या गावांनी जत्रा सोडलेली नाही. पालखीच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी मटण. आलेल्या पाहुण्याला वाढायचं, आणि गेलेल्या ठिकाणी नाही म्हणायचं नाही. नाही म्हटलं की पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. आमच्या जत्रेला आईने पहाटेपासून पातेली लावली. ती बरी झाल्याचं सगळ्या भावकीने पाहिलं. तिने वाढलं, आणि वाढून झाल्यावर पाहुण्यांनी हाताला धरून बसवलं तेव्हा तीही जेवली.

पथ्य मोडलं. आणि आमच्या शास्त्रात पथ्य मोडलेल्या पोटात औषध टाकत नाहीत. टाकलं तर उलटतं. म्हणून दुसऱ्या दिवशी तिने गोळी घेतली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोट साफ व्हायला पाहिजे. परत सुरू करणार, तेवढ्यात मामांच्या गावचं आमंत्रण. तिथेही मटण. मग पुढची जत्रा. हे सगळं ती अगदी प्रामाणिकपणे करत होती. चोरून नाही. मी तेव्हा सरकारी दवाखान्यांत औषधं मिळत नाहीत म्हणून दिवसभर स्वारगेटच्या स्टँडवर पत्रकं वाटत होते, आणि आई बरी आहे या समजात होते.

मग एका दुपारी ती दाराची चौकट धरून उभी दिसली. घामाघूम. "डोकं फिरतंय. मान हलवली की डोक्यात बारीक करंट मारल्यागत होतंय." घरात सगळ्यांवर खेकसत होती, आणि खेकसून झाल्यावर रडत होती. आत्याला फोन गेला होताच. ती येऊन बसलीही होती.

"बघ. उलटली का न्हाई? मी काय म्हणत हुते?"

"काय उलटली?" मी विचारलं. "गोळी कधी घेतली शेवटची?"

आई मला मूर्खात काढत म्हणाली, "मटण खाल्लं ना जत्रंत. पोटात मटण आसताना गोळी कशी घिऊ?"

मी तिथे किंचाळले. ही गोळी घेतल्याने नव्हे, एकदम बंद केल्याने होतंय, असं मी ओरडून सांगितलं. माझा आवाज जितका वर गेला तितका आत्याचा शांत होत गेला. "जी गोळी सोडली की चक्कर येती," ती म्हणाली, "ती दारूपेक्षा वाईट. सोडवाच हिला यातनं." आणि पिशवीतून कसल्याशा चूर्णाचा डबा काढून टीपॉयवर ठेवला.

चार-पाच दिवसांनी चक्कर कमी झाली. आत्या म्हणाली, चूर्णाचा गुण. आईने मान डोलावली. त्या आठवड्याच्या शेवटी दूधवाल्याने फाटकी पिशवी टाकली. दूध दारात सांडलं होतं. आईने फडक्याने पुसून घेतलं आणि पिशवी उचलून आत गेली. एक शब्द बोलली नाही. मी दारातूनच म्हटलं, उद्या डॉक्टरकडे जायचं.

आई डॉक्टरकडे यायला तयार नव्हती. "तिनं पथ्यच सांगितलं न्हाई. तिच्यामुळंच झालं हे." म्हणून मी एकटी गेले आणि बाईंच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुम्ही पथ्य का सांगितलं नाहीत?"

"कारण नाहीये."

"मग तिला कसं वाटणार की हे औषध आहे?"

बाईंनी चष्मा काढला. मी झालेला सगळा प्रकार सांगितला. मटण, जत्रा, वारज्याची आत्या, टीपॉयवरचं चूर्ण, दूध. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "जिवाचं बोलतात?" म्हटलं, अजून नाही. त्या म्हणाल्या, "उद्या आणा. सांगा, पथ्य सांगायचं राहिलं होतं, म्हणून डॉक्टरांनी बोलावलंय."

"हे खोटं आहे."

"खोटं कुठंय? राहिलंच होतं. मी तुम्हाला सांगितलं. त्यांना नाही." आणि मग, "टेबल सरकारी नाहीये, हात जरा जपून."

पथ्य मिळणार म्हटल्यावर आई निघाली. आत्या राखण म्हणून सोबत. बाईंनी या वेळी खुर्ची फिरवून आईच्या समोर ओढली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"मागच्या वेळी घाईत राहिलं. या गोळीला पथ्य आहे. कडक आहे. जमत नसेल तर आत्ताच सांगा, दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवते."

आई सरसावून बसली. "सांगा की."

"पहिलं, खाडा नाही. रोज म्हणजे रोज. उपास असो, जत्रा असो, सुतक असो, घरात लग्न असो."

"सुतकात बी?"

"सुतकात आधी. तेव्हा तर जास्त लागते."

आत्या म्हणाली, "आन् मटण?"

"मटणाचं या गोळीशी वैर नाही. वांग्याचं नाही, ताकाचंही नाही. मी लिहून दिलेल्या गोळीचं पथ्य मी सांगायचं, का वारज्याने?" बाई परत आईकडे वळल्या. "एखाद्या दिवशी विसरलात, तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर गेलेली गेली. दोन एकदम घ्यायच्या नाहीत. भरपाई करायला ही काही रोजंदारीची हजेरी नाही."

"बरं."

"दुसरं काही औषध चालू आहे? गुडघ्याला काय घेता?"

आईने कंबरेच्या पिशवीतून कापलेल्या स्ट्रिपचा एक तुकडा काढला. त्यावर नावही राहिलं नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून मागितली की मिळते ती दुखण्याची गोळी. आई ही घेते हे मलाही ठाऊक नव्हतं, कारण मला कुणी विचारायला सांगितलं नव्हतं आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "वर्ज्य करायचं खरं मटण हे. काही दुखण्याच्या गोळ्या या गोळीबरोबर वरचेवर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. गुडघ्यासाठी काय चालेल ते मी सांगते. इथून पुढे खोकल्याचं औषध, कुणी दिलेला काढा, हे टीपॉयवरचं चूर्ण, काहीही पोटात घालायच्या आधी मला विचारायचं. आणि दुसरा कुठला डॉक्टर औषध देत असेल तर त्याला ही गोळी दाखवायची. लपवायची नाही."

"गल्लीत बोलायचं न्हाई म्हंत्यात घरात."

"गल्लीत नका बोलू. डॉक्टरसमोर बोला."

आई हसली. कित्येक दिवसांनी.

"दारू घेता?"

"आवं काय बोलता!"

"विचारते सगळ्यांना. घेत नसाल तर बरंच आहे, याच्याबरोबर चालत नाही. आता सगळ्यात अवघड. बरं वाटलं की सोडायची नाही. बरं वाटल्यावरसुद्धा कित्येक महिने चालू ठेवायची. आणि सोडायची वेळ आली की मी सांगेन, मी सांगेन तशी, थोडी थोडी कमी करत. एकदम सोडली की काय होतं ते तुम्ही बघितलंत. ती चक्कर, तो करंट, ते गोळी उलटणं नव्हतं. ते पथ्य मोडणं होतं."

आईने बोटांवर एकेक पथ्य मोजलं. मग म्हणाली, "कडक हाय."

"कडकच आहे."

"काविळीच्या वरताण हाय, वन्सं."

आत्या म्हणाली, "व्हय. हे नीट सांगितलं बाईनं." आणि वर पुटपुटली, "पैल्यांदाच सांगितलं आसतं तर काय झालं आसतं."

मधे खंड पडलेला होता म्हणून बाईंनी आधी कमी डोस दिला, मग वाढवायचं ठरलं. गोळी तीच. कंपनी तीच, रंग तोच. जिन्यात आई म्हणाली, "आता खरं औषध दिलं."

मी चिडले होते. अजूनही चिडलेली आहे. एखाद्या माणसाचा जीव पथ्य या एका शब्दावर लटकावा? शास्त्राला वेश बदलून का यावं लागावं? आमच्या गटाच्या बैठकीत मी गोळ्यांविषयी नवं पत्रक लिहून नेलं. मथळा होता, "मनाच्या गोळीचं पथ्य." आमच्यातला एक दाढीवाला म्हणाला, "आपण अवैज्ञानिक शब्दाला मान्यता देतोय." मी म्हटलं, औषधाच्या खोक्यात घडी करून घातलेला कागद तू कधी वाचलायस का? मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, सगळं इंग्रजी. तो फार वैज्ञानिक आहे. तो धायरीत कुणाच्या उपयोगाला आलाय? तो म्हणाला, तरी पण तत्त्व. मी म्हटलं, तत्त्व तुझ्या आईला दे. पत्रक तसंच छापलं. माझी भाषा बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवली गेली.

दुसऱ्या खेपेला गुण यायला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. हे कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. एकदा सोडून परत धरली की पहिल्यासारखंच लवकर होईल असं नसतं. आई गोळी नेमाने घ्यायची, पथ्याच्या अभिमानाने घ्यायची, आणि तरी खुर्चीवर बसून राहायची. दूध यायचं, ती ते तापवायची, ओतायची. मी रोज सकाळी दारापाशी काहीतरी काम काढून उभी राहायचे. पिशवी फाटकी असू दे, पाणी घातलेलं असू दे, नासलेलं असू दे, असं मी मनात म्हणायचे. बाई म्हणाल्या, थांबा. डोस थोडा वाढवला. म्हणाल्या, अजून थांबा. थांबण्यासारखं अवघड मी चळवळीतही काही केलेलं नाही.

पावसाळा अर्धा झाला तेव्हा एकदा मी चहा केला. आईने घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"कुठलं दूध हे?"

"नेहमीचं."

"उद्या त्या मुडद्याला दारात थांबवून ठेव. मला बोलायचंय त्याच्याशी."

पुढच्या वर्षीची जत्रा आली. पाहुण्यांनी घर भरलं, पातेली लागली. आईने सकाळी पोहे खाल्ले, आणि हॉलमध्ये सगळ्या भावकीसमोर, माठातलं पाणी घेऊन गोळी घेतली. वडील खिडकीबाहेर बघत होते. मामी म्हणाली, "कसली गं गोळी?" आई म्हणाली, "मनाची. पथ्य लई कडक हाय, इचारू नको." आणि दुपारी पंगतीला बसून मटण ओरपलं.

पाहुणे पांगल्यावर आत्या स्वयंपाकघरात आली. भांडी आवरण्याच्या निमित्ताने ओट्याशी घुटमळली. म्हणाली, "वहिनी, मला बी हल्ली झोप न्हाई. जीव घाबरा व्हतो. जेवण उतरत न्हाई. तुज्यातली एक-दोन देती का? बघते घिऊन."

आईच्या हातात स्ट्रिप होती. आमच्याकडे मागितलेली वस्तू नाही म्हणत नाहीत. साखर असो, कांदा असो, गोळी असो. धायरीतल्या कित्येक बायका एकमेकींच्या रक्तदाबाच्या गोळ्या खातात. आईने स्ट्रिप डब्यात ठेवली, झाकण लावलं, डबा फळीवर ठेवला.

"ह्यातली दुसऱ्याला देत न्हाईत वन्सं. बाई म्हणाली नसली तरी मला कळतं. माझं पथ्य तुमच्या अंगाला कसं बसंल?"

आत्याचं तोंड उतरलं. तिने पदराने डोळे पुसले तेव्हा मला समजलं, ती झोपेचं उगाच बोलत नव्हती. आईला माझ्या आधी समजलं होतं. तिने हात पुसले आणि आत्याजवळ जाऊन बसली.

"कवापासनं?"

"दिवाळीपासनं."

"आन् आत्ता सांगता?"

"काय सांगायचं? मला काय बी व्हत न्हाई, एवढंच व्हतंय."

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "स्वारगेटच्या बाईचा नंबर लाव." मग आत्याला म्हणाली, "उद्या मी येते संगं. मोठी फटकळ हाय, मनाला लावून घिऊ नका. पर एक करा. आत गेल्या गेल्या तिला इचारा, पथ्य काय. न्हाई म्हणाली, तर खुर्ची सोडू नका."